अंगठा येऊन नाही राहिला

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पांढुर्णा
मा. जिल्हा आपूर्ती अधिकारी, पांढुर्णा
मा. आयुक्त, खाद्य व नागरी आपूर्ती, मध्य प्रदेश शासन
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण

महोदय,

‘अंगठा येऊन नाही राहिला.’ पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत हे वाक्य आता इतकं रोजचं झालं आहे की ते ऐकून कोणी चमकत नाही. कंट्रोलच्या, म्हणजे राशनच्या दुकानात ते ऐकू येतं, बँकेच्या कियोस्कवर येतं, राज्य शासनाच्या समग्र आयडीचं ई-केवायसी करायला बसलेल्या पोराच्या तोंडी येतं. ज्याचा अंगठा येत नाही तो माणूस मान खाली घालून रांगेतून बाजूला होतो, जणू काही गुन्हा त्याच्याच हातून घडला. चूक त्याची नाही. ती निस्तरण्याची जबाबदारी आपली आहे आणि त्यासाठी लागणारे नियम नि परिपत्रकं आपल्या दप्तरात कधीची पडून आहेत, हे सांगायला मी हे पत्र लिहितो आहे.

मी या भागात बरीच वर्षं लोकांचे अर्ज लिहून देत आलो आहे. पेन्शनचे, राशनचे, नावदुरुस्तीचे. अर्ज लिहायला बसलेल्या माणसाचा हात समोर टेबलावर असतो. तो हात मी रोज बघतो.

आमच्याकडचा कापूस हातानंच वेचला जातो. बोंड वाळून उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात आणि प्रत्येक बोंडातून कापूस काढताना ती बोटांच्या पेरांत घुसतात. वेचणीच्या हंगामात बायांच्या बोटांची टोकं सोललेली असतात, भेगांत काळं भरलेलं असतं आणि ते कशानंही निघत नाही. संत्र्याच्या बगीच्यात मोरचूद आणि चुना कालवून झाडाच्या खोडाला लावतात, तो बहुतेक ठिकाणी उघड्या हातानंच. चुना कातडं खातो. सौंसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणीत काम केलेले म्हातारे आहेत, रेती-सिमेंटवर आयुष्य गेलेले गवंडी आहेत. त्यात वय वाढलं की कातडी पातळ आणि कोरडी होते, बोटावरच्या रेषा उथळ होतात. म्हणजे ज्यानं जितकं जास्त काम केलं, तितकी त्याची ओळख यंत्राला कमी पटते.

गेल्या वेचणीच्या दिवसांत एका गावच्या दुकानात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंसोबत मी उभा होतो. उजवा अंगठा लावला, यंत्रानं नाकारला. पदरानं पुसून पुन्हा लावला. मग डावा, मग तर्जनी. दुकानदारानं बोटाला खोबरेलाचा थेंब लावून दिला, नंतर ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं, शेवटी बोट स्वतःच्या हातानं काचेवर दाबून धरलं. पाठीमागची रांग कुरकुरायला लागली. बाई म्हणाल्या, “मीच हावो ना बापू, तू मले ओयखत नाही का?” दुकानदार गावातलाच, चांगला माणूस. तो म्हणाला, “मी ओयखतो माय, पन मशीन नाही ओयखत.” घरात त्या एकट्याच, अंत्योदयच्या पर्चीवरचं ३५ किलो धान्य त्यांचं. रिकामी पिशवी काखेत घेऊन त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून पुन्हा यायचं होतं.

त्या दुकानदाराला दोष देऊन काही साधत नाही. यंत्र हो म्हणेपर्यंत धान्य द्यायचं नाही, असंच त्याला सांगितलेलं आहे. दिलं तर त्याचा साठा जुळत नाही आणि चौकशी त्याच्यावर येते. नकाराच्या वेळी काय करायचं हे लेखी, सही-शिक्क्यानिशी त्याच्या हातात कोणी दिलेलं नाही. प्रश्न तिथे आहे.

यंत्र करतं काय, हेही इथं सांगायला हवं, कारण पुष्कळांना ते अचूक वाटतं. काचेवर ठेवलेल्या बोटाचं चित्र घेऊन रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात ते बिंदू ते टिपतं. ही माहिती कुलूपबंद होऊन आधार प्राधिकरणाच्या सर्व्हरकडे जाते, नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशाशी ताडली जाते आणि उत्तर येतं ते हो किंवा नाही. पण ताडणी कधीच शंभर टक्के जुळत नाही. किती जुळलं म्हणजे हो म्हणायचं, ती रेघ कोणीतरी आखलेली असते. रेघ खाली आणली तर दुसऱ्याचा अंगठा खपून जायची भीती, वर नेली तर खऱ्या माणसाला नाही ऐकावं लागण्याची भीती. म्हणजे यंत्राच्या ‘नाही’चा अर्थ ‘हा माणूस तो नाही’ असा होत नाही. ‘आज, या काचेवर, या बोटाचं पुरेसं जुळलं नाही’ एवढाच होतो. नोंदणी दहा वर्षांपूर्वीची आणि बोट आजचं असेल तर न जुळणं अगदी स्वाभाविक आहे. आणि नेटवर्क नसेल तर ताडणीपर्यंत गोष्ट जातच नाही. सातपुड्याकडच्या आमच्या गावांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

हे मी मनानं सांगत नाही. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलेल्या आकड्यांनुसार सरकारी सेवांमध्ये प्रमाणीकरण यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के होतं. बँकांत ९५, टेलिकॉम कंपन्यांत ९७. हे प्रमाण प्रयत्नांचं आहे, माणसांचं नाही, हे मान्य. पण क्रम बघा. जिथं सर्वांत गरीब माणूस उभा आहे तिथंच यंत्र सर्वांत जास्त चुकत होतं. त्यानंतर यंत्रं सुधारली असतील, तर पांढुर्णा जिल्ह्यातला आजचा दुकानवार आकडा लोकांसमोर ठेवा. यंत्रातून गेलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद सर्व्हरवर राहते. ती काढायला वेगळं सर्वेक्षण करावं लागत नाही.

आता नियमांबद्दल. २०१६ च्या आधार प्रमाणीकरण नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की प्रमाणीकरण मागणाऱ्या संस्थेनं अपवाद हाताळण्याची आणि ओळख पटवण्याची पर्यायी सोय ठेवलीच पाहिजे. प्राधिकरणानं २४ ऑक्टोबर २०१७ ला राशन आणि इतर कल्याणकारी योजनांसाठी याच विषयावर परिपत्रक काढलं. बोट जुळलं नाही किंवा नेटवर्क नसलं तरी लाभ नाकारू नका, अपवादाची नोंदवही ठेवा, असा त्याचा आशय. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात बहुमताच्या न्यायाधीशांनी कायदा कायम ठेवला, पण प्रमाणीकरण फसलं म्हणून कोणाचा हक्क बुडता कामा नये, हेही सांगितलं. आणि वेगळं मत देणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तर माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क गणिती शक्यतांवर सोडता येत नाहीत, अशी भूमिका घेतली. मी वकील नाही. पण बाजूनं आणि विरुद्ध निकाल देणारे न्यायाधीश जिथं एकमतानं बोलले, तो भाग तरी आमच्या गावच्या दुकानापर्यंत पोचायला हवा होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ८ म्हणतं की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य शासनानं अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. अंगठा आला नाही म्हणून परत गेलेल्या कोणाला असा भत्ता मिळाल्याचं माझ्याकडे अर्ज लिहायला आलेल्यांपैकी एकानंही कधी सांगितलेलं नाही. असा भत्ता असतो, हेच त्यांना माहीत नव्हतं.

ठसा घेण्याची ही पद्धत कुठून आली तेही आठवावं. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून खडीच्या करारावर पंजाचा ठसा घेतला. उद्या सही माझी नाही असं म्हणायला तो धजू नये, हा हेतू हर्शेलनं पुढे स्वतःच लिहून ठेवला. १८७७ मध्ये हुगळीला त्यानं पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मेलेल्याच्या नावावर दुसऱ्यानं पैसे उचलू नयेत म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय उघडलं. तिथलं वर्गीकरणाचं किचकट गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवलं आणि पद्धतीला नाव लागलं एडवर्ड हेन्रीचं. परक्या राजवटीला इथल्या रयतेच्या शब्दावर विश्वास नव्हता, तिथून हे सगळं सुरू झालं. आजचं सरकार परकं नाही. मग खरेपणा सिद्ध करण्याचं ओझं अजून त्या म्हातारीच्याच बोटावर का?

आधारचा पहिला क्रमांक मराठी मुलखातच दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. तेव्हा दिलेलं वचन असं होतं की ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल. ते वचन पुष्कळ अंशी खरंही झालं, हे मी नाकारत नाही. मेलेल्यांच्या आणि दुबार नावांवर उचललं जाणारं राशन आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एक देश एक राशन कार्डामुळे आमच्याकडचा मजूर नागपूरला बांधकामावर गेला तरी तिथल्या दुकानातून धान्य उचलू शकतो, ही मोठी सोय झाली आणि ती ओळख पटल्याशिवाय शक्य नव्हती. मला यंत्र बंद करायला सांगायचं नाही. यंत्राचं ‘हो’ चालेल, पण त्याचं ‘नाही’ हा अखेरचा शब्द नसावा.

चोरी थांबवण्यासाठी एवढं सोसायलाच हवं, असं कोणी म्हणत असेल तर झारखंडचा अनुभव समोर आहे. तिथं कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी राशनमधल्या आधार प्रमाणीकरणाचा मोठा अभ्यास केला. नुसत्या प्रमाणीकरणानं गळती घटल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट ज्या घरांचं आधार आधी जोडलेलं नव्हतं, त्यांच्या पदरात पडणारा लाभ सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. पुढे साठ्याचा हिशोब ताडायला लागल्यावर गळती आटली, पण तिच्याबरोबर खऱ्या लोकांचाही घास गेला. दुकानदार मापात मारतो ते अंगठ्यानं पकडलं जात नाही. अंगठा एकाचा खरा आणि धान्य ५ किलोऐवजी ४ किलो, हे यंत्राला दिसत नाही.

बोटाचं होतं तेच आता चेहऱ्याचं होऊ घातलं आहे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर जुळवणं केंद्रानं बंधनकारक केलं. बाळंतपणानंतर चेहरा उतरतो, नाहीतर सुजतो. अंगणवाडीताईंचा मोबाइल जुना, वरून नेटवर्क जाणारं. आपल्या पाड्यावरच्या गोंड बाया दिवसभर पोर काखेत घेऊन रानात असतात. त्यांना डोळे मिचकावा, मान वळवा असं सांगत अर्धा अर्धा तास बसवून ठेवायचं आणि शेवटी परत पाठवायचं, हे पोषणाच्या नावाखाली व्हायला नको. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या आणि दृष्टिहीनांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ई-केवायसी त्यांना झेपेल अशी करा, म्हणून सूचना दिल्या. डोळे मिचकावता न येणाऱ्याला जे लागू, ते बोटं झिजलेल्याला लागू नाही, असं म्हणणं कठीण आहे.

आमच्या सीमेवरची एक अडचण भोपाळ-दिल्लीत बसून दिसणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पांढुर्णा-सौंसरच्या निम्म्या सुना नरखेड, काटोल, सावनेर, वरूडकडच्या आहेत म्हटलं तरी चालेल. त्यांचं आधार माहेरचं, महाराष्ट्रातलं. नावात वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. इकडे आल्यावर समग्रमध्ये नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तेही हिंदी वळणानं लिहिलेलं, ळ चा ल झालेला. ई-केवायसीला नाव, जन्मतारीख, लिंग जुळावं लागतं. नाव जुळलं तर अंगठा अडतो, अंगठा आला तर नाव अडतं. लाडली बहना असो की राशनच्या पर्चीवर नाव चढवणं असो, समग्रच्या ई-केवायसीवाचून गाडी पुढे सरकत नाही. आधार दुरुस्त करायला लग्नाचा दाखला हवा आणि वीस वर्षांपूर्वी मांडवात झालेल्या लग्नाची नोंद कोणी केली होती? अशा बाईला केंद्रावरून केंद्राकडे न धाडता दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पंचायत सचिवाचा किंवा पटवाऱ्याचा दाखला ग्राह्य धरता येईल असं काही तरी करा.

आणखी एक गोष्ट, पैशांच्या बाबतीतली. अंगठ्यावर बँकेतले पैसे निघतात. २०१८ मध्ये तेलंगणातल्या एका मोबाइल दुकानदारानं जमिनीच्या नोंदणीच्या ऑनलाइन कागदांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचं प्रकरण गाजलं होतं. प्राधिकरणानं त्यानंतर बोट जिवंत माणसाचंच आहे का हे तपासणारी सोय आणली, बायोमेट्रिक कुलूप लावण्याची सोय तर आधीपासूनच होती. पण गावातल्या माणसाला हे कुलूप ठाऊक नाही. त्याला इतकंच ठाऊक आहे की कियोस्कवाला म्हणाला, आला नाही, पुन्हा लाव. पहिल्या वेळी खरंच आला नव्हता की पैसे निघून गेले होते, हे त्याला कळायला मार्ग नाही. प्रत्येक वेळी छापील पावती हातात पडली पाहिजे, नकाराचीसुद्धा. एटीएमचा आकडा फुटला तर बदलता येतो. दहा बोटं आहेत ती आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीच्या कार्यक्रमात पांढुर्ण्याला जिल्हा करण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरात जिल्हा झालाही. छिंदवाड्याचा हेलपाटा वाचेल, अधिकारी हाकेच्या अंतरावर येतील, म्हणून आम्हाला आनंद झाला होता. तेव्हा मागतो आहे ते हाकेच्या अंतरावरच्यांकडे. पुढच्या वाटपाआधी प्रत्येक दुकानाच्या दारावर ठळक अक्षरांत, हिंदीत आणि मराठीतही, लिहून लावा की तीन वेळा अंगठा आला नाही तर ओटीपीवर, तोही नसेल तर पर्ची आणि ओळखपत्र पाहून, नोंदवहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य मिळेल. तसा लेखी आदेश दुकानदाराला द्या, म्हणजे चौकशीची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नॉमिनीची सोय नियमात आहे, पण त्याचा अर्ज कुठे मिळतो हे लोकांना सांगा. निदान मोठ्या गावांच्या दुकानांत डोळ्याची बुबुळं वाचणारं यंत्र द्या, बुबुळ कापूस वेचून झिजत नाही. प्राधिकरणाच्याच २०१२ च्या अभ्यासात दिसलं होतं की माणसाचं सर्वांत चांगलं बोट आधी शोधून घेतलं, किंवा दोन बोटं वापरली, तर जुळण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा वेचणी संपल्यावर, हात भरून आल्यावर, गावोगाव शिबिरं लावून म्हाताऱ्यांचं आधार अद्ययावत करा आणि कोणतं बोट लावायचं ते त्यांच्या पर्चीवर लिहून द्या. ई-केवायसी झालं नाही म्हणून कोणाचंही नाव पर्चीवरून कापण्याआधी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन तो जिवंत आहे की नाही हे बघा. गावात ते बघायला दोन मिनिटं लागतात.

मंगळवारच्या जनसुनवाईत या पत्राची प्रत मी स्वतः देणार आहे. सोबत ज्यांचं धान्य अंगठ्यापायी बुडालं आहे त्यांचे कलम ८ खालच्या भत्त्याचे अर्ज असतील, तारखेसह आणि दुकानाच्या क्रमांकासह. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार घेऊन ती ‘निराकरण झालं’ म्हणून बंद करू नये. प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर हवं आहे, मंजूर असो वा नामंजूर, कारणासह.

आपला,
पांढुर्णा जिल्ह्यातला एक नागरिक